घड्याळ वेळ कोणाकडून घेतं?

घड्याळाच्या दुकानात आपण बरंच काही विचारतो. किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो, सेल किती महिने चालेल ते विचारतो. पण हल्ली खोक्यावर ‘आपोआप वेळ लावणारं’ असं छापलेली जी डिजिटल घड्याळं मिळतात, ती घेताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मात्र राहून जातो. हे घड्याळ वेळ कोणाकडून घेतं?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे. आपोआप म्हणजे जादूने नव्हे. घड्याळाला कोणीतरी वेळ सांगावी लागते. सांगणारा आपल्या घरापर्यंत पोचत असेल तर ते घड्याळ आपल्या उपयोगाचं, नाहीतर शोभेचं.

मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला सवय मात्रा मोजण्याची, सेकंद मोजण्याची नाही. पण मीरा-भाईंदरला राहणाऱ्याला मिनिटाची किंमत शिकवावी लागत नाही. इथे माणसं लोकलला नावाने नाही, मिनिटांनी ओळखतात. ‘नऊ-सात गेली का?’ असं विचारतात. नीटच्या परीक्षेला गेली काही वर्षं दोनच्या पेपरासाठी दीडला फाटक बंद होतं. एक-एकतीसला पोचलेल्या मुलाचे आईवडील त्या फाटकाला हात लावून उभे असतात. रमजानमध्ये सहेरीचा शेवटचा घोट घड्याळाकडे बघत घेतला जातो. आणि ज्यांच्या घरी इन्शुलिन घेणारं माणूस आहे, त्यांचं जेवण भुकेवर नाही, काट्यावर चालतं.

आमच्या इमारतीत ऐंशीच्या घरातले एक काका राहतात. त्यांच्या उशाशी लाल आकड्यांचं, विजेवर चालणारं घड्याळ होतं. एकदा संध्याकाळी वीज गेली आणि आठ वाजता आली. घड्याळात आठवण ठेवणारा सेल नव्हता, त्यामुळे वीज येताच त्याने बारापासून मोजायला सुरुवात केली. रात्री काकांना जाग आली, तेव्हा आकडे दाखवत होते सहा. काकांनी तोंड धुतलं, टोपी घातली, काठी घेतली आणि नेहमीप्रमाणे फिरायला खाली उतरले. वॉचमनने त्यांना फाटकाशी अडवलं. ‘काका, अभी तो रात के दो बजे हैं.’ वॉचमन जागा होता म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘भाई, स्वतःहून वेळ लावून घेणारं एखादं घड्याळ सांगा. मी कामावर असतो, आब्बांना बटणं दिसत नाहीत.’ त्या निमित्ताने मी मीरा रोडपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत दुकानं पालथी घातली, जाणकारांना विचारलं, आणि जे कळलं ते इथे सांगतो आहे.

आधी घड्याळाचं पोट उघडून बघू. भिंतीवरचं साधं सेलवालं घड्याळ असो की डिजिटल, आत क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा एक इवलासा चिमटा असतो. विजेच्या स्पर्शाने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो निम्मा, मग त्याचा निम्मा असं करत गेलं, की पंधराव्या वेळी बरोबर एक उरतो. तो एक म्हणजे आपला एक सेकंद.

हा स्फटिक इमानदार आहे, पण अचूक नाही. चांगल्यापैकी घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढेमागे होतं. त्याला हवाही लागते. साधारण २५ अंश तापमानाला तो नीट चालतो. त्याहून जास्त तापला किंवा गारठला की मागे पडू लागतो. स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या भिंतीवर लावलेलं घड्याळ आणि हॉलमधलं घड्याळ यांचं का जमत नाही, त्याचं एक कारण हे. म्हणजे प्रत्येक घड्याळाला अधूनमधून कोणीतरी कान धरून जागेवर आणावं लागतं. पूर्वी ते काम माणूस करायचा. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की घरातला मोठा माणूस उठून एचएमटीची चावी ओढायचा आणि काटे सारखे करायचा. ‘आपोआप’वालं घड्याळ हेच काम स्वतः करतं. ते कोणाचं ऐकून करतं, त्यावरून त्याचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार रेडिओवर चालणारा. खोक्यावर ‘अ‍ॅटॉमिक क्लॉक’ किंवा ‘रेडिओ कंट्रोल्ड’ असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्सजवळ, जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगनला, इंग्लंडमध्ये अँथॉर्नला, जपानमध्ये दोन ठिकाणी अशी सरकारी केंद्रं आहेत. तिथून अतिशय लांब लहरींवर रात्रंदिवस फक्त वेळ सांगितली जाते. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. दर सेकंदाला एक सांकेतिक ठोका. मिनिटभराचे ठोके जोडले की तास, मिनिट आणि तारीख मिळून पुरा निरोप होतो. घड्याळ बहुधा रात्री, लहरी दूरवर पोचतात तेव्हा, हा निरोप ऐकतं आणि स्वतःला सुधारतं. युरोपातल्या असंख्य घरांत अशी घड्याळं आहेत आणि तिथे ती उत्तम चालतात.

आपल्याकडे मात्र ती स्वतःहून वेळ लावू शकत नाहीत, कारण भारतात असं लांब लहरींचं केंद्र नाही. जर्मनीच्या केंद्राची हाक सुमारे २,००० किलोमीटरपर्यंत जाते. तिथून मुंबई साडेसहा हजार किलोमीटर दूर आहे. दिल्लीहून लघुलहरींवर वेळ सांगणारं एटीए नावाचं प्रसारण अनेक वर्षं होत असे. ते वेगळ्या जातीचं होतं, प्रयोगशाळा आणि जहाजं यांच्या कामाचं, आणि आता तेही बंद झालं आहे.

तरीही ही घड्याळं आपल्या घरांत येतात. मुलगा शिकागोला असतो, सुट्टीवर येताना आईसाठी घेऊन येतो. ओळखीच्या एका बाईंकडे असं एक घड्याळ आहे. कोपऱ्यात मनोऱ्याचं एक छोटं चित्र लुकलुकत राहतं. म्हणजे ते बिचारं रोज रात्री फोर्ट कॉलिन्सला हाका मारतं आणि ओ मिळत नाही म्हणून गप्प बसतं. वेळेचे विभाग निवडायला गेलं तर त्यात अमेरिकेतलेच विभाग. आपल्या साडेपाच तासांना जागाच नाही. हाताने वेळ लावली की ते साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालतं, तेवढंच. भेट म्हणून जपावं, भरवसा ठेवू नये.

दुसरा प्रकार सगळ्यात फसवा. याला कारखान्यातच वेळ लावून पाठवलेलं असतं आणि आतला बटणासारखा सेल ती टिकवून धरतो. खोक्यातून काढलं, प्लग लावला की वेळ दिसते, म्हणून ‘आपोआप’. प्रत्यक्षात ते बाहेरच्या कोणाचंही ऐकत नाही. स्फटिक जितका चुकेल तितकं हेही चुकणार. शिवाय त्यातली बरीचशी घड्याळं अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली असतात. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. हा उन्हाळी वेळेचा हिशेब घड्याळात भरलेला असतो. ती सोय बंद केली नाही, तर एका सकाळी आपलं घड्याळ एक तास पुढे पळालेलं दिसेल. आपल्या देशात अशी पुढे केलेली वेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत होती, आता ती नाही. तेव्हा घड्याळात ‘डीएसटी’ अशी तीन अक्षरं दिसली, तर ती बंद करता येतात का हे दुकानातच बघून घ्यावं.

तिसरा प्रकार उपग्रहाचा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळं असतात आणि ते सतत वेळ सांगत असतात. आपल्या रेल्वेच्या अनेक स्टेशनांवरची मोठ्या आकड्यांची घड्याळं याच हिशेबाने चालतात, म्हणून बोरिवलीची आणि भाईंदरची वेळ एकच असते. भारताने स्वतःची नाविक ही उपग्रहमाला उभारली आहे. २९ मे २०२३ रोजी इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात पहिल्यांदाच देशात बनवलेलं रुबिडियमचं अणुघड्याळ बसवलं गेलं.

हे घड्याळ इंटरनेटवाचून चालतं आणि वेळ चोख देतं. अडचण एकच, त्याला आभाळ दिसावं लागतं. आपल्या इमारती एकमेकींना खेटून. खिडकीला ग्रिल, ग्रिलवर पत्रा, समोर दुसऱ्याची भिंत. आतल्या खोलीत उपग्रहाचा क्षीण आवाज पोचत नाही. वायर ओढून अँटेना गच्चीवर किंवा खिडकीबाहेर न्यावी लागते. म्हणून शाळा, दवाखाना, मशीद, मंदिर, सोसायटीचं ऑफिस यांना ते योग्य. एकट्या फ्लॅटला खर्च आणि खटाटोप दोन्ही जास्त.

चौथा प्रकार वाय-फायचा, आणि आज बहुतेक घरांना हाच परवडणारा आणि जमणारा आहे. घरात इंटरनेट असेल तर हे घड्याळ त्यातून वेळ विचारतं. ही विचारपूस मोठी मजेची आहे. समजा, मी दिल्लीच्या मित्राला पोस्टकार्ड टाकलं, ‘किती वाजले?’ त्याने उत्तर लिहिलं, पण ते माझ्या हाती पडेपर्यंत वेळ पुढे गेलेली असणार. मग मी हिशेब करतो. कार्ड टाकल्यापासून उत्तर येईपर्यंत किती काळ गेला, मित्राने उत्तर लिहायला किती घेतला. तो वजा केला की उरला जाण्यायेण्याचा प्रवास. त्याचा निम्मा मित्राने लिहिलेल्या वेळेत मिळवला की झालं. घड्याळ हेच करतं, फक्त सेकंदाच्या छोट्या अंशात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली आणि आजही जगभरचे संगणक तिच्यावर चालतात.

वाय-फाय घड्याळ घेताना काही गोष्टी तपासाव्यात. त्यात साडेपाच तासांचा विभाग आहे का, हे पहिलं. काही घड्याळांत फक्त पूर्ण तासांचे पर्याय असतात. ती आपल्याकडे कायम अर्धा तास चुकणार. यादीत मुंबई सापडेलच असं नाही. संगणकाच्या जगात आपल्या वेळेचं नाव ‘कोलकाता’ असं आहे, ते निवडायचं. दुसरं, यातली बहुतेक घड्याळं राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच बोलतात. आपल्या राउटरवर तो चालू हवा. तिसरं, घरात कोणी वाय-फायचा पासवर्ड बदलला की घड्याळ तुटतं आणि काही बोलत नाही, नुसतं स्फटिकाच्या जोरावर चालत राहतं. पासवर्ड बदलणाऱ्याने घड्याळालाही तो सांगायचा असतो. आठवडाभर इंटरनेट नसलं तरी बिघडत नाही, चार-पाच सेकंदांचा फरक पडेल. वर्षभर नसलं तर तीन-चार मिनिटांचा पडू शकतो, आणि तेवढ्यात लोकल जाते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, काकांच्या घड्याळात जी नव्हती ती. आत बॅकअपचा सेल हवा. पुष्कळ वाय-फाय घड्याळांना तो नसतो. वीज येते, पण राउटर जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तोवर घड्याळ बारा किंवा भलतीच वेळ दाखवतं. इंटरनेट आलंच नाही तर रात्रभर तेच. परीक्षा सोपी आहे. दुकानातून आणल्यावर घड्याळ एक दिवस चालू द्यावं. मग राउटर बंद करावा, घड्याळाचा प्लग काढावा, दहा मिनिटांनी पुन्हा लावावा. राउटर बंद असतानाही वेळ बरोबर दिसली तर घड्याळ ठेवावं. बारा दिसले तर मुदतीत परत करावं.

कोणी म्हणेल, मोबाइल असताना एवढं कशाला? खरं आहे, मोबाइल वेळ स्वतःच लावून घेतो. पण मोबाइल ज्याच्या हातात त्याचाच. भिंतीवरचं घड्याळ सगळ्या घराचं असतं. शाळेला निघणारी मुलगी, भाजी निवडणारी आई, पलंगावरचे आब्बा एकाच आकड्याकडे बघतात. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी तर आकडे तळहाताएवढे हवेत, सोबत वार आणि तारीख हवी, आणि सकाळ की रात्र हे शब्दांत लिहून यायला हवं. चोवीस तासांचे आकडे दाखवणारं घड्याळ असेल तरी चालेल. त्यात रात्रीचे दोन आणि दुपारचे दोन वेगळे दिसतात. रात्री उजेड आपोआप मंद होत असेल तर झोपही मोडत नाही.

आता थोडं मागे जाऊ. ही बरोबर वेळ येते कुठून? दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सिझियमची अणुघड्याळं आहेत. सिझियमच्या अणूच्या ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ साली जगाने मान्य केली. भारताची अधिकृत वेळ ही प्रयोगशाळा राखते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२५मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला. देशातल्या अधिकृत आणि व्यापारी व्यवहारांत हीच वेळ सक्तीने वापरावी, असा त्याचा आशय. बँकेचा व्यवहार, विजेचं जाळं, फोनचं बिल यांच्या वेळा जुळल्या नाहीत तर भांडणाचा निवाडा करायचा कसा, हा त्यामागचा विचार.

पण घड्याळावरून भांडण आपल्या मुंबईला नवं नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची, म्हणजे प्रयागराजजवळची. मुंबई त्याच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने मुंबईचा सूर्य ३९ मिनिटं मागे. घड्याळ पुढे केलं म्हणजे गिरणीत ३९ मिनिटं लवकर पोचायचं, अंधारात. कामगार चिडले, त्याच महिन्यात काम बंद पाडलं. शहराने आपली ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ती १९५५पर्यंत टिकून होती. एकाच शहरात दोन वेळा, आणि माणसं विचारत, ‘कुठले दहा? स्टँडर्ड की बॉम्बे?’

तो ३९ मिनिटांचा फरक सूर्याने अजून सोडलेला नाही. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, सरासरीने बारा-एकोणचाळीसला. म्हणून सूर्यावर चालणाऱ्या गोष्टींसाठी नुसतं अचूक घड्याळ पुरत नाही. आमच्या मीरा रोडला पुष्कळ घरांत अजान घड्याळ असतं. ते शहराचे अक्षांश-रेखांश आणि तारीख यांवरून पाच नमाजांच्या वेळा मोजतं. लोक समजतात, ते वेळही आपोआप लावतं. सहसा तसं नसतं. नमाजाचं गणित पक्कं, पण आतला स्फटिक इतरांसारखाच. तो तीन मिनिटं मागे असेल तर अजानही तीन मिनिटं मागे. शिवाय त्यात हनफी की शाफई हेही निवडावं लागतं. असरची वेळ शाफई पद्धतीत लवकर लागते, हनफी पद्धतीत सावली दुप्पट झाल्यावर. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी, आणि मीरा रोडला दोघांची दारं समोरासमोर. एका दारात अजान वाजली आणि दुसऱ्यात नाही, तर घड्याळ बिघडलं असं समजू नये. पंचांगातल्या सूर्योदयाचंही असंच; ते ज्या शहरासाठी छापलं त्या शहराचं.

आणि इथून थोड्या अंतरावर, उत्तनच्या किनाऱ्यावर, कोळी बांधव अजून तिसऱ्याच घड्याळाने चालतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. होडी कधी लोटायची हे पाणी सांगतं. पण पकडलेली मासळी बाजारात न्यायची तर टेम्पोची वेळ असतेच, ती दिल्लीच्या सिझियमची.

तर मंडळी, दुकानात गेल्यावर चार प्रश्न विचारा. वेळ कोणाकडून घेतं? तो सांगणारा माझ्या खोलीपर्यंत पोचतो का? साडेपाच तासांची सोय आहे का? वीज गेली तर लक्षात ठेवतं का? दुकानदार ‘साहेब, सगळं ऑटोमॅटिक आहे’ एवढंच म्हणाला, तर खोकं उघडून माहितीपत्रक बघायला मागा.

घरात इंटरनेट असेल आणि म्हातारं माणूस असेल, तर बॅकअप सेल असलेलं वाय-फाय घड्याळ घ्या. इंटरनेट नसेल तर साधं, मोठ्या आकड्यांचं, सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ पुरे. दर महिन्याच्या एक तारखेला घरातल्या एखाद्या मुलाने मोबाइल बघून ते लावायचं. नातवंडाला ते काम नेमून द्या. महिन्यातून एकदा ते आजोबांच्या खोलीत जाईल, स्टुलावर चढेल, आणि आजोबा खालून विचारतील, ‘किती सेकंद मागे होतं रे?’